दहा-अकरा सालचा गठ्ठा

“नव्वद हजार,” माने सर म्हणाले आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं. “एक चेक, दोन सह्या. लोंढेताई, तुमचा टॅक्स अठरा हजार पाचशे चाळीसनं खाली. मी काही जादूगार नाही, पण मार्चमध्ये लोक तसं समजतात.”

“थांबा!” मी दारातूनच ओरडले.

मी सायकल कुंपणाला टेकवून पळतच आत आले होते. विट्यातली माझीच जुनी शाळा. प्रयोगशाळेत तोच स्पिरिटचा आणि ओल्या खडूचा वास होता. टेबलापलीकडे लोंढेताई चेकबुक उघडून बसल्या होत्या. त्या शाळेच्या प्रयोगशाळा सहायक. एकावन्न वर्षांच्या, चष्म्याला दोरी, आणि प्रत्येक बाटलीवर त्यांच्या सुबक अक्षरातली चिठ्ठी. मला थर्मामीटर डोळ्याच्या रेषेत धरून वाचायला त्यांनी शिकवलं. नववीत याच टेबलावरून माझ्या हातून मायक्रोस्कोप खाली पडला होता, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “जुनाच होता, कंपनीवाले बदलून देतात.” मग मला झाडू आणायला पाठवलं होतं.

“काय गं वृंदा, आग लागली का कुठं?” माने सरांनी विचारलं. आम्हाला ते पीटी शिकवायचे. निवृत्तीनंतर विमा विकायला लागले आणि निम्मा स्टाफ त्यांचा ग्राहक झाला. माणूस गोड होता. मार्च उजाडला की ते पिशवी घेऊन शाळेत यायचे आणि स्टाफरूममध्ये त्यांच्यासाठी चहा ठेवलेलाच असायचा.

“सर, हे नव्वद हजार किती वर्षं भरायचे?”

“पंधरा.”

“ताई सात वर्षांनी रिटायर होतात.”

सरांचं पेन हवेतच राहिलं.

“आणि पुढच्या वर्षी त्यांना टॅक्स किती बसेल? नेहमीच्या पगारावर?”

“अडीच हजार असेल.”

“म्हणजे अडीच हजारासाठी पुढची चौदा वर्षं नव्वद-नव्वद हजार भरायचे?”

“तू बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलं होतंस का वकिली?” सर हसले, पण त्यांनी टोपण पुन्हा लावलं.

ही गोष्ट २८ मार्च २०१८ची. मी बी.एस्सी. होऊन नऊ महिने घरी होते आणि मामाच्या कॉम्प्युटर सेंटरवर लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरत होते. आदल्या दिवशी ताई पॅनकार्डची झेरॉक्स काढायला आल्या, तेव्हा मला सगळं समजलं. त्यांना नोकरीत दहा वर्षं चुकीची वेतनश्रेणी लागली होती. इतक्या अर्ज-विनंत्यांनंतर निकाल त्यांच्या बाजूनं लागला आणि दहा वर्षांचा फरक एकदम मंजूर झाला: चार लाख तेरा हजार. पण तो या वर्षीच्या साडेतीन लाखांच्या उत्पन्नात मिळवला की ताई एकदम वीस टक्क्यांच्या टप्प्यात जात होत्या. एकूण कर ६७,०५३.

आणि नेमकं त्याच आठवड्यात त्यांचं घर अडकलं होतं. घराचे दोन भाग होते. मागचा ताईंचा, पुढची खोली दिराची. दीर पुण्याला स्थायिक झाला होता आणि ती खोली एका मोबाइलवाल्याला दुकानासाठी विकणार होता. रस्त्यावर उघडणारं दार त्या खोलीलाच होतं. ती गेली की ताईंना मागच्या गटारीवरून घरात जावं लागणार. दिरानं ताईंना पहिला मान दिला होता: चार लाख साठ हजार, वर दस्ताचा खर्च पंचवीस हजार. पैसे एप्रिलात मिळाले तरी चालतील, पण जमतंय की नाही ते आज संध्याकाळी सहाच्या आत सांग, कारण सहाला मोबाइलवाला विसार घेऊन येतोय.

ताईंकडे पोस्टातले साठवलेले नव्वद हजार होते. त्यात कर कापून फरक मिळवला तर ४,३५,९४७. म्हणजे ४९,०५३ कमी. सोसायटीचं कर्ज आधीच चालू होतं, फंडातून नवऱ्याच्या ऑपरेशनला पैसे काढलेले होते.

“खोली तर जातेच आहे,” ताई आता म्हणाल्या. “निदान टॅक्स तरी वाचू दे. म्हणून म्हटलं चेक फाडावा.”

“ताई, खोली जात नाही. मला वाटतंय जात नाही. मला तुमची दहा वर्षांची पगारपत्रकं पाहिजेत. आत्ता.”

सकाळी आयकराच्या पोर्टलवर कुणाचा तरी फॉर्म शोधताना यादीत मला ‘१०ई’ दिसला होता. नाव अनोळखी म्हणून उघडला, आणि सूचना वाचता वाचता खुर्चीतून उठून उभी राहिले. नियम इतका सरळ होता की मला तो न्यूटनच्या नियमासारखा सुंदर वाटला. फरक आज हातात आला म्हणून तो आजचा होत नाही. तो ज्या ज्या वर्षाचा आहे त्या त्या वर्षाच्या उत्पन्नात परत नेऊन ठेवायचा, त्या वर्षीच्या दरानं कर काढायचा. अशी दहा वर्षांची बेरीज आजच्या जादा करापेक्षा कमी आली, तर मधली सगळी रक्कम माफ.

हे मी ताईंना हातवारे करून सांगितलं. माने सरही ऐकत होते.

“म्हणजे २००७ सालचे तीस हजार २००७ मध्येच ठेवायचे?” ताईंनी विचारलं.

“हो! आणि २००७ मध्ये तुमचा पगार एवढा कमी होता की त्यावर टॅक्सच नव्हता.”

“मी पाच वर्षं पॉलिस्या विकतोय,” माने सर म्हणाले, “मला कुणी हे सांगितलं नाही.”

“तुम्ही सांगणाऱ्याला बोलू दिलंत तर ना,” ताई म्हणाल्या. त्या उठल्या होत्या. आम्लांच्या कपाटाखालच्या खणातून त्यांनी एक खोका काढला. आत पगारपत्रकांचे गठ्ठे, प्रत्येक वर्षाचा वेगळा, जुन्या प्रॅक्टिकल जर्नलच्या पुठ्ठ्यात घालून दोऱ्यानं बांधलेला. वर चिठ्ठी: ‘२००७-०८’, ‘२००८-०९’. बाटल्यांवरचंच अक्षर.

फरकाचं बिल कारकून शेवाळे भाऊसाहेबांकडे होतं आणि ते चारच्या गाडीनं सांगलीला जाणार होतं. पुढे दोन दिवस सुट्टी, मग वर्षच संपलं. कर एकदा कापला गेला असता, तर रिटर्न भरून परत मिळाला असता हे खरं, पण दिवाळीच्या सुमारास. तोवर खोलीवर मोबाइलच्या दुकानाची पाटी लागली असती.

घड्याळात पावणेअकरा वाजले होते.

मी वहीत दहा रकाने आखले. ताई गठ्ठा सोडायच्या, आकडे वाचायच्या, मी लिहायचे. माने सर जायला तयार नव्हते, मग त्यांना कॅल्क्युलेटर दिला. आठ-नऊ सालच्या गठ्ठ्यात ताई म्हणाल्या, “हे ऑपरेशनचं वर्ष.” नऊ-दहाला म्हणाल्या, “माझ्या पल्लवीला सायन्सला घालायची होती, कॉमर्सला घातली. क्लासची फी परवडेना.” आणि लगेच, “पुढं लिही. मूळ वेतन सहा हजार…”

त्या वर्षाचा फरक होता चाळीस हजार. मी तो रकान्यात लिहिला. क्लासची फी तेव्हा किती होती ते मी विचारलं नाही.

घाईत मी एक आकडा चुकीचा लिहिला आणि तो गिरवून काळा करायला लागले. ताईंनी माझं मनगट धरलं.

“काय शिकवलंय?”

“एकच रेघ मारायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे.”

“मग?”

मी एक रेघ मारली आणि शेजारी बरोबर आकडा लिहिला. माने सर म्हणाले, “आमच्याकडे चूक झाली की मैदानाला फेरी मारायला लावायचो. हे बरं आहे.”

साडेबाराला नऊ वर्षं झाली. खोक्यात दहावा गठ्ठा नव्हता. नऊ-दहानंतर एकदम अकरा-बारा होता, तो मी आधीच उतरवला होता.

“दहा-अकरा कुठंय?”

“नसेल.”

“नसेल कसा? तुमच्याकडे?”

“उंदरांनी खाल्ला असेल.”

“उंदरांनी मधलाच एक गठ्ठा, दोऱ्यासकट खाल्ला?”

“तू उत्पन्न दीड लाख धर. साधारण तेवढंच होतं.” ताई उगाचच एक स्वच्छ परीक्षानळी पुसायला लागल्या.

दीड लाख धरले आणि त्या वर्षाचे एक्केचाळीस हजार मिळवले, तर होत होते एक लाख एक्क्याण्णव हजार. त्या वर्षी बायकांना एक लाख नव्वद हजारांपर्यंत कर नव्हता. हजारानं रेषा ओलांडली जात होती.

“किती फरक पडेल?” माने सरांनी विचारलं.

“एकशे तीन रुपये.”

“अगं मग टाक की दीड लाख! एकशे तीन रुपये मी देतो खिशातून.”

“पैशाचं नाही सर. फॉर्मवर ‘माहिती खरी आहे’ म्हणून ताईंची सही असते. आणि अंदाजे रीडिंग लिहायचं नाही, हेही ताईंनीच शिकवलंय.”

“शिकवलेलं सगळंच लक्षात ठेवायचं नसतं,” ताई म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. “राहू दे म्हणतेय ना. टाक दीड लाख.”

मी वही उचलली आणि कार्यालयाकडे धावले.

शेवाळे भाऊसाहेब डबा खात होते. त्यांना मी नियम सांगितला. त्यांनी घास संपवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, “असला फॉर्म माझ्याकडं आजपर्यंत कुणी आणलेला नाही.”

“म्हणून तो नसतो असं नाही ना भाऊसाहेब? सूचनांची प्रिंट आणलीय, हे वाचा. शाळेतल्या कर्मचाऱ्यांचंही यात आहे. फॉर्म भरून दिला तर तुम्हाला कर कापतानाच सूट धरता येते.”

त्यांनी वाचलं. एकदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग डबा बंद केला.

“आयला,” ते म्हणाले. “म्हणजे गेल्या साली पाटील गुरुजींचा मी फुकटच कापला की. तरी म्हणत होते म्हातारे.” आणि ते उठलेच. “कुठलं साल पाहिजे तुला?”

“दहा-अकरा.”

वेतनाचं रजिस्टर लोखंडी कपाटात सगळ्यात खाली होतं. भाऊसाहेबांनी बोटाला थुंकी लावून पानं उलटली. लोंढे, शकुंतला. बारा महिन्यांच्या बारा ओळी. मी बोट ठेवून बेरीज केली, फंड वजा केला. एक लाख अठ्ठेचाळीस हजार! अधिक एक्केचाळीस, एक लाख एकोणनव्वद. रेषेच्या आत, हजारानं. एकशे तीन रुपये वाचले. मी टाळी वाजवली.

मग माझी नजर कपातीच्या रकान्यावर गेली. फंड, व्यवसाय कर, आणि त्याखाली आणखी एक आकडा. आठशे. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. मार्चपर्यंत दर महिन्याला आठशे.

“हे कसले?”

भाऊसाहेब वाकले. “वसुली. साहित्य मोडतोड. सहायकाच्या ताब्यातलं काही फुटलं की सहायकाकडून घेतात. मायक्रोस्कोप होता वाटतं. सहा हजार चारशे.”

ऑगस्ट दोन हजार दहा. मी नववीत होते. स्वातंत्र्यदिनानंतरचा आठवडा; मी कांद्याची साल बघत होते आणि शेजारच्या मुलीला दाखवायला मायक्रोस्कोप एका हातानं ओढला होता.

“काय झालं?” भाऊसाहेब म्हणाले. “बेरीज चुकली?”

“नाही. बरोबर आहे.”

“मग लिही की लवकर. दीड वाजला.”

मी लिहिलं. ‘१,४८,०००.’

पुढचे दोन तास मी सांगू शकते मिनिटामिनिटानं. भाऊसाहेबांनी त्यांच्या कॉम्प्युटरवरून मला उठूच दिलं नाही. पोर्टलवर ताईंचं खातंच नव्हतं, ते उघडलं. मोबाइलवर नंबर आला तेव्हा ताईंचा फोन प्रयोगशाळेच्या खणात होता. माने सर तो घेऊन व्हरांड्यातून धावत आले, पोटावर हात धरून, आणि दारातूनच एकेक आकडा ओरडले. शेवटचा आकडा सहा की नऊ यावर त्यांचं आणि भाऊसाहेबांचं भांडण झालं. नऊ होता. मग साइट अडकली. भाऊसाहेब पडद्याला म्हणाले, “चल गं बाई, चल.” मग चालली.

दहा वर्षं मी एकेक करून टाकली. सात-आठ: कर शून्य. आठ-नऊ: शून्य. नऊ-दहा: शून्य. दहा-अकरा: शून्य. प्रत्येक शून्याला माने सर “अरे वा” म्हणत होते, मैदानावर कुणी बाद झाल्यासारखं. अकरा-बाराला पंधराशे पंचेचाळीस आले तेव्हा त्यांचा चेहरा पडला. बारा-तेराला बत्तीसशे शहाण्णव. पुन्हा एक शून्य आलं चौदा-पंधराला. दहाही वर्षांची मिळून बेरीज १०,७१२.

“आणि आज जादा किती बसत होता?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“चौसष्ट हजार चारशे अठ्ठ्याहत्तर.”

दोघांनी दोन कॅल्क्युलेटरवर एकदमच वजाबाकी केली. माझं उत्तर सगळ्यांत आधी आलं, मी तोंडी केली होती.

“त्रेपन्न हजार सातशे सहासष्ट माफ!”

सदुसष्ट हजारांचा कर तेरा हजार दोनशे सत्त्याऐंशीवर आला होता. भाऊसाहेबांनी बिलावरच्या जुन्या आकड्यावर एक रेघ मारली, नवा लिहिला आणि बाजूला सही केली. मुख्याध्यापकांची सही आणायला ते स्वतः गेले. चारला पाच मिनिटं कमी असताना शिपाई बिल घेऊन स्टँडकडे निघाला. माने सर त्याच्या मागे फाटकापर्यंत गेले आणि ओरडले, “पिशवी मांडीवर ठेव रे! वर ठेवू नकोस!”

ताई कार्यालयात आल्याच नव्हत्या. मी गेले तेव्हा त्या प्रयोगशाळेत स्टुलावर बसल्या होत्या. मी वही समोर ठेवली. त्यांनी बोट ठेवून खालून वर, एकेक वर्ष तपासलं. पुन्हा वरून खाली.

“हातात तीन लाख नव्याण्णव हजार सातशे तेरा,” मी म्हटलं. “तुमचे नव्वद मिळवून चार लाख एकोणनव्वद हजार सातशे तेरा. खोली आणि दस्त चार पंच्याऐंशी. वर चार हजार सातशे तेरा उरतात.”

ताईंनी फोन उचलला. “भाऊजी, शकुंतला बोलतेय. त्या मोबाइलवाल्याला येऊ नको म्हणून सांगा.” पलीकडून बराच वेळ काहीतरी चाललं होतं. “हो, सगळे. नाही, उसने नाहीत कुणाचे. माझेच आहेत, दहा वर्षांचे. बिलाचा आकडा सांगते, लिहून घ्या.” आणि वहीतून त्यांनी तो आकडा पैशासकट वाचून दाखवला. पैसे शून्य होते, तरी वाचले.

फोन ठेवल्यावर त्या हसल्या. दार वाचलं होतं. मी हसले नाही.

“ताई, उंदरांनी काहीच खाल्लं नव्हतं.”

त्यांनी चष्मा काढला, दोरीला लोंबू दिला. “शेवाळे बोलले?”

“रजिस्टर बोललं. आठशे, आठ महिने. कंपनीवाले बदलून देतात म्हणाला होतात.”

“दिला ना बदलून. पैसे घेऊन दिला.”

“माझं नाव का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर बाबांनी तुला परत त्या टेबलाला हात लावू दिला नसता. तुझे बाबा मला माहीत आहेत.” त्यांनी माझी वही मिटली. “आणि आता हे कुठं लिहू नकोस. तुझ्या त्या फॉर्ममध्ये याला रकाना आहे का?”

“नाही.”

“मग झालं तर.”

“झालं नाही. मी देणार.”

मला वाटलं होतं त्या रागावतील. ताईंनी थोडा विचार केला.

“आज तू माझे एकशे तीन वाचवलेस,” त्या म्हणाल्या. “म्हणजे राहिले सहा हजार दोनशे सत्त्याण्णव. हप्ता आठशेचाच ठेव. मलाही तेवढाच होता.”

आणि त्यांनी पैसे खरोखर घेतले. एप्रिलपासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी त्यांच्या पुढच्या खोलीत, रस्त्यावरच्या दारातून जायचे. सेंटरवर मला मिळत होते चार हजार, त्यातले आठशे ठेवायचे. त्या मोजून घ्यायच्या, पावती लिहायच्या, मग चहा टाकायच्या. माने सर एकदा तिथेच भेटले, मला म्हणाले, “वृंदा, तुझं वय लहान, प्रीमियम कमी बसेल.” ताईंनी त्यांना चकलीची ताटली दिली आणि गप्प केलं.

आठवा हप्ता सहाशे सत्त्याण्णवचा होता. तो घेऊन गेले, तर ताई म्हणाल्या, “इथं नको. सोमवारी शाळेत ये.”

सोमवारी त्यांनी कपाटातून एक जाड रजिस्टर काढलं. ‘मोडतोड.’ आठ वर्षं मागे गेल्या. १९ ऑगस्ट २०१०. संयुक्त सूक्ष्मदर्शक, एक नग. शेवटचा रकाना होता ‘कोणाच्या हातून’. त्यात त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘सहायक’.

त्यांनी पट्टी ठेवली आणि त्या शब्दावर एकच बारीक रेघ मारली. खालचा शब्द नीट वाचता येत होता. मग पेन माझ्या हातात दिलं.

मी शेजारी माझं नाव लिहिलं, नववी ब.

आता मी एका संस्थेत सूक्ष्मदर्शकांवरच काम करते. एकेकाची किंमत सांगितली तर माने सर बेशुद्ध पडतील. परवा एका नव्या मुलाच्या हातून लेन्स निसटली आणि तो पांढराफटक पडला. मी त्याला झाडू आणायला पाठवलं. तो गेल्यावर मोडतोडीचं रजिस्टर उघडलं आणि ‘कोणाच्या हातून’ या रकान्यापाशी पेन धरून बराच वेळ उभी राहिले.